आठही प्लग माझ्याच हातचे

वॉलनट बेंड, इंडियाना
१९ ऑगस्ट १९९६

प्रिय अर्डिसताईस,

धाकट्या लोवेलचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकून). तुझं पत्र पोचलं. गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं, मांजर गेलं हे वाचून वाईट वाटलं, आणि तिसरा परिच्छेद वाचून अंगाचा तिळपापड झाला. इथे नोरीन ठणठणीत आहे, टोमॅटो भरपूर आलेत, मका मात्र यंदा खुरटलाय.

तर तो तिसरा परिच्छेद. "लोवेल, आठही प्लग तू स्वतःच्या हातानं बदलतोस ना रे?" अगं, हा काय प्रश्न झाला? बाबांनी जाण्याआधी आपल्या दोघांना स्वयंपाकघरात समोर बसवून काय सांगितलं ते मी विसरलो असं वाटतं का तुला? जो आठही स्पार्क प्लग स्वतः बदलेल त्याची निळी गाडी, सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आदल्या रविवारी शर्यतीच्या पाव मैलाच्या पट्टीवर ती पळवायचा मान त्याचा, आणि ज्याला ते जमणार नाही त्यानं गाडी मुकाट्यानं दुसऱ्याला द्यायची. अकरा वर्षं ती माझ्या शेडमध्ये उभी आहे ती काय माझं नाक सरळ आहे म्हणून? आणि वर "जमत नसेल तर मी न्यायला येते" म्हणे! तुझ्या त्या पिओरियाच्या फ्लॅटात ठेवणार कुठे तू ती, बाल्कनीत? आणि तो वाकडा पाना, बाबांनी शेगडीवर तापवून वाकवलेला, जो तू अंत्यविधीच्या दिवशी गुपचूप पर्समध्ये टाकून नेलास (मी पाहिलं होतं), तो खुशाल ठेव. लोणच्याच्या बरण्या उघडायला वापर. माझं त्यावाचून काहीएक अडत नाही.

आता यंदाचं ऐक, म्हणजे तुला कळेल की मी कसल्या लोकांत दिवस काढतोय. प्लग आणायला गेलो. काउंटरमागे एक टाय लावलेला गृहस्थ. (मोटारीच्या सामानाच्या दुकानात टाय! बाबांनी त्याला पंख्याच्या पट्ट्यात अडकवून दाखवला असता.) त्याला सांगितलं, साधे तांब्याचे आठ प्लग दे. तर त्यानं मखमली पेटीत ठेवावेत असले प्लॅटिनमचे, चार-चार टोकांचे प्लग काढले आणि मला समजावू लागला की ठिणगी आपल्या आवडीचं टोक निवडते. म्हटलं, बाबा रे, मला ते इंजिनात घालायचेत, साखरपुड्यात नाही. बरं, गाडी कोणती, पिस्टन कोणते, प्लगच्या टोकाशी फट किती ठेवता, यातलं एक अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर वायर कोणत्या रंगाच्या हव्यात! मी लाल घेतल्या. रंगासाठी नव्हे, त्या जाड होत्या म्हणून.

दुसरा नग म्हणजे शेजारचा ड्वाइट पोलमन. त्याला तू ओळखतेस, तोच तो, ज्यानं आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला आणि स्वतःला रेसिंगचा महर्षी समजतो. शनिवारी मी बॉनेट उघडलं न उघडलं तोच हा घडीची खुर्ची आणि बटाट्याच्या सॅलडचा वाडगा घेऊन हजर. खातो आणि बोलतो, बोलतो आणि खातो. "लोवेल, थंड प्रतीचे, लवकर निवणारे प्लग घ्यायचे होतेस, गाडी पळवायचीय ना?" अरे, वर्षातून एकदा पाव मैल पळणाऱ्या गाडीत थंड प्लग घातले तर काजळी धरून मरतील ते! "लोवेल, एक वायर काढ, तिच्या जागी नवी लाव, मग दुसरी काढ." हे मला सांगतोय तो! बाबांच्या मुलाला! ते मला दुधाच्या दातांपासून माहीत आहे. पण समोर बसून कुणी असं शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे तू जाणतेस. मी त्याच्या डोळ्यांदेखत आठच्या आठ वायर एका दमात उपटल्या आणि जमिनीवर फेकल्या. म्हटलं, कोणती वायर कुठे जाते ते मला तोंडपाठ आहे, आणि त्याला म्हणूनही दाखवलं: एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. झोपेतून उठवलंस तरी सांगेन. (बाबांनी बॉनेटच्या आत खिळ्यानं कोरलेला तो क्रम आता दिसत नाही. गेल्या वसंतात मी आतून काळा रंग मारला. फार छान दिसतो.)

आठही प्लग बसवले, प्रत्येकाची फट मोजून, आटे हातानं फिरवून, अगदी जपून. मग प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या गोल टोपीत आठ नव्या वायर खोचल्या. नोरीनलाही बोलावलं बघायला. किल्ली फिरवली. ताई, काय सांगू! आधी गाडी उचकी लागल्यासारखी हिसकली, मग कार्ब्युरेटरमधून असा जाळ निघाला की ड्वाइट खुर्चीसकट मागे पडला आणि सॅलड त्याच्या छातीवर. माझी डावी भुवई गेली. नोरीन म्हणाली, "भुवईचं जाऊ दे, माझ्या दोरीवरच्या चादरी काळ्या झाल्या त्या कोण धुणार?" संसार म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

चूक कोणाची ते उघड आहे. प्लग त्या टायवाल्याच्या दुकानातले, वायर त्याच्याच, आणि बडबड ड्वाइटची. हल्ली कशातच दम राहिलेला नाही, ना तांब्यात, ना रबरात, ना शेजाऱ्यांत. अशा जगात एकटा माणूस बापाची गाडी सांभाळतोय आणि सख्खी बहीण त्याची उलटतपासणी घेते, याला काय म्हणावं? तेव्हा गाडीचा विषय माझ्यापुरता संपला. ती इथेच राहील.

नोरीन आठवण सांगते. तुझ्या गुडघ्याला आराम पडो आणि नवं मांजर आधीच्यापेक्षा कमी ओरबाडो.

तुझा (अपमानित) भाऊ,
लोवेल

ता. क. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. ड्वाइटनं छातीवरचं सॅलड पुसलं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर नजर टाकली आणि एका मिनिटात म्हणाला, "क्रम बरोबर आहे रे, पण तू उलटा फिरलास." माझ्या ट्रकच्या टोपीत वायरींचा क्रम डावीकडून फिरतो, बाबांच्या गाडीच्या टोपीत उजवीकडून. वीस वर्षं ट्रकवर हात बसलाय, तो सवयीनं तिकडेच गेला. आठांतल्या दोनच वायर जागेवर होत्या. वायर नीट लावल्यावर गाडी लगेच सुरू झाली. त्या टायवाल्याबद्दल लिहिलेलं खोडायला हवं, पण मग पान खराब दिसेल.

आणखी ता. क. सुरू झाली, पण सात सिलिंडरांवर. एक ठोका चुकतोय. कोणता ते मला ऐकूनच कळलं. ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यात मागचा, सात नंबरचा, एक्झॉस्टच्या पाइपामागे दडलेला. वर मी "आठही प्लग बसवले" असं लिहिलंय. सात बसवले. आठवा डब्यात आहे. दरवर्षी एक डब्यात उरतो, आता अकरा झालेत. माझा हात तिथे जात नाही, ताई. कधीच गेला नाही. तिथला प्लग बाबांच्या शेवटच्या उन्हाळ्यात तू बसवलास तोच आहे. ते खुर्चीत बसून तुला शिव्या देत होते आणि हसत होते. इतकी वर्षं बिचारा चालला.

शेवटचं. एक सप्टेंबरला रविवार आहे. शनिवारी सकाळी ये, आणि लोणच्याच्या बरणीपाशी असेल तर तो वाकडा पाना घेऊन ये. पट्टीवर नाव द्यायचा कागद आला होता. चालकाच्या रकान्यात मी तुझं नाव लिहून पाठवलंय. फक्त मला शेजारी बसू दे. आणि येताना एक नवी चादर आण, नोरीन अजून बोलत नाहीये.