अंगणवाडीची फरशी

१६ एप्रिल
आले एकदाची मारेगावला! ऊन मी म्हणतंय, पण मी जाम खूश. खोली कोकिळाताईंकडे मिळाली. त्या अंगणवाडीच्या सेविका. माझं काम गावाबाहेरच्या चुनखडकाची नोंद करण्याचं. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती. पडलेलं हिम वितळायचं नाही, थरावर थर बसायचे, खालच्यांचा दबून बर्फ व्हायचा आणि तो स्वतःच्याच वजनानं सरकायचा. तळात रुतलेले धोंडे जमीन खरवडत न्यायचे. ते ओरखडे खडकावर अजून आहेत, सगळे वायव्येकडे. ताईंना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या.

२२ एप्रिल
डोकं फिरलंय. ठेकेदार बाबारावनं तो खडक उखडून त्याच्या लाद्या नव्या अंगणवाडीत बसवल्या! तीस कोटी वर्षं टिकलेलं या माणसानं चार दिवसांत मातीत घातलं. वर मलाच म्हणतो, आयती गुळगुळीत फरशी मिळाली.

२५ एप्रिल
बाहेर चव्वेचाळीस, आणि अंगणवाडीत पाय गोठतात. ताईंनी दाराशी ठेवलेलं कपाट आज वायव्येच्या भिंतीला चिकटलेलं. लाद्यांवर नवे ओरखडे. पांढरे, ताजे.

२८ एप्रिल
आत एक कुत्रं शिरलं होतं. भिंतीशी नुसते केस उरलेत, आणि तिथवर लाल फरपटीची रेघ. बाबारावला नेऊन दाखवलं. लाद्या काढा म्हणून हात जोडले. तो म्हणाला, "मॅडम, बर्फ पाह्याचा असन तं काश्मीरले जा. आमच्याकडं रसवंतीतच भेटते." कानाखाली वाजवायला हवी होती. एक तारखेला उद्घाटन. बावीस पोरं याच फरशीवर बसणार.

३० एप्रिल
दाराला माझं कुलूप ठोकलं. ताईंनीही कपाट पाहिलंय. म्हणाल्या, "पोरं माह्या हवाली हायेत, प्राची मॅडम. एकालेबी आत जाऊ देत नाही."

१ मे
कुलूप तोडलं नालायकानं. फीत बांधलीय, पोरं रांगेत उभी. मी उंबऱ्याच्या आत मांडी ठोकून बसलेय. जायचं तर माझ्यावरून जा. जे होईल ते इथेच लिहिते—

मांड्या बधिर. उठता येत नाही. सरकतेय—

ताईंनी पोरं पळवली. सगळी. बरं झालं.

बाबाराव दारात. आता का हसत नाहीस? बघ मेल्या, डोळे फाडून—

पाय भिंतीला. वरून दाबतंय. दिसत काही नाही, वजन नुसतं—

लाद्या काढ. ऐकतोयस ना, आधी या लाद्या उ