दुसऱ्या कॉलेजला नकार कळवायला

बाबा, तुम्ही चुकलात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला माफीनामा वाटायला नको. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आज माझं वय जास्त आहे. मोठ्या माणसाचं मुकाट्याने ऐकायचं हे तुमचंच शिकवणं, तेव्हा आता ऐका.

रेशनवर मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायची ते दिवस. मी एसएससी झाले होते आणि मला सायन्सला जायचं होतं. तुम्ही भिवंडीत लूमवर, आठवडाभर तिकडेच. शुक्रवारी कारखाना बंद असला की पडघ्याच्या एसटीने घरी. अशाच एका शुक्रवारी मी चुलीपाशी विषय काढला की मला तीन फॉर्म भरायचे आहेत, एक ठाण्याला आणि दोन कल्याणला. आई मिलोची भाकरी थापत होती. ती थापता थापता चिरायची आणि आई स्वतःशीच करवादायची. पैशाची ओढाताण मला दिसत होती. फॉर्मचे पैसे, शिवाय प्रत्येक ठिकाणचं जाण्यायेण्याचं भाडं. तुम्ही नुसते ‘पैसे न्हायत’ म्हणाला असता तर मी समजून घेतलं असतं. पण तुमचं कारण निराळंच.

“पोरीची सुपारी तीन घरी फोडतात का? एका जागी शबूद द्यायचा. त्यांचा जबाब येईस्तोवर दुसऱ्या दारात जायाचं न्हाय.”

“बाबा, कॉलेजशी लग्न लावायचं नाहीये मला.”

“शबूद तो शबूद.”

झालं. एकच भरायचा तर मी सगळ्यात चांगलं म्हणून ठाण्याचं निवडलं. तिथे नाव लागलं नाही तर वर्ष फुकट, आणि वर्ष फुकट गेलं तर मामाने अकलोलीकडचं स्थळ आणून ठेवलेलंच होतं. म्हणजे माझं सगळं आयुष्य तुम्ही एका कागदावर लावलंत आणि वर निश्चिंत झोपलात. याचा राग मला अजून येतो. तो मी जपून ठेवलाय म्हणा हवं तर.

ठाण्याच्या कॉलेजात यादी लागली त्या दिवशी आपण दोघं गेलो. मी यादी दोनदा वाचली. माझं नाव नव्हतं. तुम्ही तडक खिडकीशी जाऊन कारकुनाला विचारलंत, “फारम घेतला तवा हो बोलले ना? मग आता न्हाय कशी बोलता?” तो म्हणाला, “काका, फॉर्म सगळ्यांचेच घेतो आम्ही.” आपण शब्द दिला म्हणजे समोरच्यानेही दिला, असं तुम्ही खरोखरच धरून चालला होतात. भिवंडीच्या स्टँडवर उतरलो तर समोर कल्याणची गाडी उभी. तिथल्या फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी हात पुढे केला.

“पैसे द्या. मी कल्याणला जाते. दोन्हीकडे भरते.”

“दोनीकडं?”

“तिसरं असतं तर तिथेही भरलं असतं.”

माणसं बघत होती. तुम्ही खिशात होते तेवढे पैसे काढून माझ्या हातावर ठेवलेत. मी एकटीने कल्याणला गेले, दोन फॉर्म भरले आणि दोन्हीकडे माझं नाव लागलं. आईने आळीभर गूळ वाटला. चेहरा पडला होता तो फक्त तुमचा. “आता एकाला तोंड कसं दाखवायचं?”

आणि पुढच्या शुक्रवारी तुम्ही धुतलेला सदरा घालून, नारळ घेऊन, मला ओढत त्या दुसऱ्या कॉलेजात नेलंत. नकार कळवायला! खिडकीत नारळ ठेवून तुम्ही म्हणालात, “आमच्या पोरीचं दुसरीकडं ठरलं. तुमचा मान राखून सांगाया आलोय, राग धरू नका.” कारकून नारळाकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि हसत सुटतो. आतल्या माणसाला हाक मारतो, “अरे, इकडे ये, हे ऐक जरा!” दोघेही खदखदून हसतात. आणि तुम्ही, बाबा, तुम्हीही त्यांच्याबरोबर हसता. त्यांना बरं वाटलं असं तुम्हाला वाटलं. मी पुढे झाले आणि नारळ उचलून घेतला. “आमचाय तो. आई चटणी करेल.”

स्टँडपर्यंत तुम्ही मला बोलत होतात. दिलेलं परत घेतलंस, घराची अब्रू घालवलीस, शिकून हेच करणार काय. मी नारळ काही सोडला नाही. आजही सोडणार नाही. पुढे जन्मभर मी शाळेत रसायन शिकवलं आणि दर वर्षी मुलींना सांगितलं, पैसे पुरतील तितके फॉर्म भरा, आणि वर एक उसने पैसे घेऊन भरा. कितीजणींच्या वडिलांशी मी त्यावरून भांडले. समोर तुम्हीच उभे आहात असं समजून भांडले, म्हणून जिंकले बहुतेक.

परवा जेवताना माझ्या मुलाने पाहुण्यांना हीच गोष्ट रंगवून सांगितली. आमचे आजोबा कॉलेजला नकार द्यायला गेले होते, इतके भोळे. सगळे हसले. मी ताटावरून उठले आणि पाहुण्यांदेखत त्याला असं काही बोलले की तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. सुनेला वाटतं, आईंचं बीपी वाढलंय.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, तेव्हा ते माझ्याच उशीखाली राहील. एवढं मात्र कबूल करते, बाबा. परवा मुलाला जे बोलले, ते त्याला नव्हतंच. ते त्या खिडकीतल्या दोघांना बोलायचं होतं.