पास झालेल्या डॉक्टरचा फोन कोण उचलणार?

तीर्थस्वरूप लिबुशाताईस,

धाकट्या लुमिरचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मलम लावतेस की कपाटात ठेवून नुसतं त्याचं कौतुक करतेस? दोन गल्ल्यांवर राहून मी पत्र लिहून दाराखालून का सरकवतोय, असं तुला वाटेल. पण समोर बसलो की तू माझ्याकडून सगळं काढून घेतेस, आणि नव्या कामात तोंड उघडलं की माझं प्रमाणपत्र गेलंच म्हणून समज.

तर ताई, मी पास झालो! ट्रकवाल्या-बसवाल्यांच्या लघवीत नशेचं काही सापडलं, तर नोकरीवर गदा येण्याआधी त्यांना फोन करून 'बाबा रे, काय औषध घेतोस, काय खाल्लंस' असं विचारणारा डॉक्टर आता मी. (दवाखाना बंद केल्यापासून मी घरात बसून तुझ्या भावजयीच्या, हेडविगच्या, सूपमध्ये चुका काढत होतो, त्यामुळे सर्वात जास्त आनंद तिला झालाय.) ओमाहा शहरातल्या प्रशिक्षणाच्या वर्गात सरावासाठी एक खोटा ड्रायव्हर समोर बसवला होता. मी त्याच्या आईची चौकशी केली, त्याला वजन कमी करायला सांगितलं आणि मुख्य प्रश्नच विसरलो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, इथे तुम्ही त्याचे डॉक्टर नाही!" जन्मभर गावाचा डॉक्टर असलेल्या माणसाला हे ऐकून जेवण गेलं नाही.

म्हणून घरी सराव केला. आठवतंय ना, सगळ्या नातेवाइकांना फोन करून मी गंभीर आवाजात "आपल्या नमुन्यात अफूचा अंश आढळला आहे" म्हणत होतो? चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आपली आत्या तर रडायलाच लागली. मिलोदाजींनी मात्र "हो, घोड्यालाही चारली!" असं कबूल करून टाकलं. काय हसलो होतो आपण!

काल पहिलं खरं प्रकरण आलं. एक गृहस्थ आहेत, शाळेची बस चालवतात. नाव अर्थातच सांगणार नाही. मी तेच वाक्य म्हटलं, तर पलीकडून खो खो हसू. "अरे लुमिर, पास झालास ना? आता पुरे की! घोड्याला विचार जा!" आणि फोन बंद. नंतर उचललाच नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ते बोलले नाहीत, तर निकाल तसाच शाळेकडे जाईल आणि बस हातची जाईल. मुलांना नावानिशी ओळखणारा माणूस आहे गं तो. मला फार वाईट वाटतंय. बाकी सगळं छान.

तुझा,
लुमिर

ता. क. उद्या सकाळी दाजींना लिंकन शहरातून एका अनोळखी डॉक्टरीणबाईंचा फोन येईल. (नात्यातलं प्रकरण मला हाताळता येत नाही.) तो उचलायला सांग आणि हसू देऊ नकोस. का, ते विचारू नकोस.

आणखी एक. बाई काय खाल्लं ते विचारतील. तुझे खसखस भरलेले गोड पाव, ते कोलाचे, दाजी ताटभर खातात, हे त्यांनी न लाजता सांगावं; खसखस शेवटी अफूच्याच बोंडातली.

शेवटचं. पत्र वाचून शेगडीत टाक. प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय; बघायचं असेल तर लवकर येऊन जा.