मनकर्णाबाईची काडी

सुलतानपूर,
दि. १४ जून १९६४

चि. जानराव यास नारायणचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मलकापूरची नोकरी मानवली असेल. आईच्या पायाला नारू झाला होता, तो निघाला. काळजी नसावी.

या गावापुढं मात्र मी हात टेकले. दवाखान्यात येईल त्याला सांगतो, बारवेत पाय बुडवू नका, पाणी फडक्यानं गाळून प्या, नारू पाण्यातून पोटात जातो. उकंडराव म्हणतो, "कंपाउंडरसाहेब, आमचा बाप बी हेच पानी पेला." आणि चालला तसाच पायऱ्या उतरून!

पाय चिघळले की सगळे मनकर्णाबाईकडे. कातडीतून डोकावणाऱ्या त्या दोऱ्यासारख्या किड्याचं तोंड ती काडीला गुंडाळते, रोज बोटभर ओढते, वर ओला फडका. तीन-तीन आठवडे! मी तिला चारचौघांत अडाणी म्हणालो होतो.

जानराव, नारू निघाला असं वर लिहिलं, ते खरं नाही. तो तुटला. मी तोडला. आई मनकर्णाबाईकडेच निघाली होती. मी म्हटलं, घरात दवाखान्याचा माणूस असताना? आणि चिमट्यानं एकदम ओढला. अर्धा आत राहिला. पाय मांडीपर्यंत सुजला, ताप चढला. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला म्हणून आई वाचली. घोटा मात्र वळत नाही. काठी टेकत चालते.

मनकर्णाबाईची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "मले एक डाव इचारलं असतं तं काय बिघडलं असतं, बापू? हिसकला का तुटते, तुटला का सडते." मग तिनंच विचारलं, "पन हा येते कुठून?"

एवढी वर्षं नारू काढते, तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात भरून उन्हात धरलं. नारूची पिल्लं पोटात घेऊन आत हलणारे बारीक ठिपके ती कितीतरी वेळ बघत राहिली.

आता काडी गुंडाळताना ती प्रत्येकाला दम देते, आणि उकंडराव मुकाट्यानं गाळून पितो! माझं वर्षभराचं ओरडणं पाण्यात. चिडू की समाधान मानू, तूच सांग.

आई म्हणते, "जानरावले कळवू नको, तो तुह्यावर चिडन." म्हणून तिला न सांगता लिहितो आहे. शिव्या द्यायच्या तर माझ्या नावानं वेगळं पत्र टाक. आईच्या पत्रात लिहू नकोस. ते तिला मलाच वाचून दाखवावं लागतं.

तुझा अपराधी दादा,
नारायण