बाबा बाहेर, बाबा आत

सोमवार, ३

आलो एकदाचे! सामान उतरलं, गॅस जोडून झाला, आणि नव्या घरातला पहिला चहा पिऊन बाबांनी "चहा बरा करता हो बाई" असं प्रशस्तिपत्रही दिलं. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना वर्षभर आठवलेलं नाही. पण चहाची पारख शाबूत आहे, तेव्हा मी ते खुशाल पदरात घेतलं.

घर तळमजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे उघडणारं एकच दार आणि दारापुढे तीन पायऱ्या. दाराला लागून खिडकी. तिथे खुर्ची ठेवली की बाबा तासन् तास रस्ता बघत बसतात. समोर शिंप्याचं दुकान. शिंपीकाकांनी स्वतःहून येऊन कपाट सरकवायला हात दिला, वर माझ्या कुर्त्याची शिलाई नावाजून गेले. माणूस आवडला.

दाराची बेल तेवढी मेलेली. बटणाच्या जागी दोन वायरी बाहेर डोकावतायत. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करते. उद्यापासून इथल्या दोनशे मशिनांची आजारपणं माझ्या गळ्यात. त्यापुढे बेल म्हणजे काय, हातचा मळ.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याने मला एक महिना दिलाय. बाबा आजवर तीनदा घरातून निघून गेलेत, तिसऱ्या खेपेला हमरस्त्याच्या मधोमध सापडले. चौथ्यांदा गेले की तो येऊन त्यांना वृद्धाश्रमात नेणार. अर्ज भरून त्याच्या टेबलावर तयार आहे. दादा वाईट नाही, घाबरलाय. बाबा शाळेत पीटीचे सर होते. डोकं थकलं, पण पाय अजून पंचविशीतले आहेत, हीच पंचाईत.

शनिवार, ८

बेल झाली! सकाळपासून जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला होता. पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक, कॅमेरा, जुन्या रेडिओचा स्पीकर, दाराच्या चौकटीवर चुंबक. सगळं बसवलं प्लॅस्टिकच्या डब्यात. कॅमेऱ्यासाठी भोक पाडताना पहिला डबा तडकला. दुसऱ्या वेळी खिळा तापवून घेतला, तेव्हा जमलं.

काम सरळ आहे. पायरीवरचा चेहरा यंत्र ओळखतं, दार उघडलं-मिटलं की चुंबकावरून त्याला कळतं, आणि माझ्या फोनवर दोन शब्द येतात. बाबा बाहेर. बाबा आत. बटण दाबलं तर बाबा दारात. कारखान्यात कॅमेऱ्याचे फोन नेऊ देत नाहीत, म्हणून मी जुना बटणांचा फोन वापरते. त्यावर नुसते शब्द येणार, फोटो घरीच डब्यातल्या कार्डावर साठणार. 'बाबा बाहेर' आलं की मी शिंपीकाकांना फोन करायचा आणि त्यांनी कात्री टाकून धावायचं, असं ठरलंय. दादा म्हणत होता, सरळ बाहेरून कुलूप घाल. माणसाला कुलपात ठेवतात का?

चेहरा शिकवायला बाबांचे चाळीस फोटो काढले. मी "विश्राम" म्हणेपर्यंत ते छाती काढून सावधानमध्ये उभे! माझेही काढले, नाव दिलं 'मी'. पहिल्याच चाचणीत यंत्राने शिंपीकाकांना 'बाबा' ठरवलं. काका म्हणाले, चालेल की, पण मग लेकीच्या हातचा चहा रोज लागेल.

बुधवार, १२

आज परीक्षा झाली आणि बाबा पास झाले!

सकाळी ११:२० ला फोन थरथरला. बाबा बाहेर. मी एका मशिनखाली आडवी, दोन्ही हात तेलाने माखलेले. शिंपीकाका फोन उचलेनात, ते आत माप घेत होते. तिसऱ्यांदा फोन लावतेय तोवर दुसरा संदेश. ११:२४. बाबा आत.

आपले आपण परत! आधीच्या तीन खेपांत असं एकदाही झालं नव्हतं. नंतर काकांनी खिडकीतून डोकावून सांगितलं की बाबा खुर्चीत शांत बसलेत. माझा जीव भांड्यात पडला.

चपला तेवढ्या सापडल्या नाहीत. मागे एकदा त्यांनी चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला होता, तेव्हा चपलाही निघतील कुठून तरी.

गुरुवार, १३

घरी आले तर बाबा म्हणाले, "ठके, दमलीस का गं?"

ठकी. लहानपणचं नाव. वर्षभर मी 'अहो बाई' होते. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. मग आम्ही कितीतरी वेळ बोलत बसलो. आईचं शेवटचं आजारपण, माझी पहिली सायकल, दादाचा मोडलेला हात, सगळं त्यांना आठवतंय, अगदी वार-तारखेनिशी. दादाला फोन लावून दिला. दादा पलीकडे नुसता हुंदके देत होता.

मी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे एवढं मात्र रोज मनात मागत होते.

शुक्रवार, १४

बेलीने आज वैताग आणला. २:४० ला 'बाबा दारात'. २:५५ ला पुन्हा. ३:१० ला पुन्हा. घरी फोन केला, तर बाबांनीच उचलला. म्हणाले, मी खुर्चीतच आहे गं, दारात कुणी नाही. शिंपीकाकांच्या दुकानाला शुक्रवारी सुट्टी. सुपरवायझरने दोनदा डोळे वटारले.

चूक यंत्राची, म्हणजे माझीच. कुणा विक्रेत्याला 'बाबा' समजत असणार, शिंपीकाकांना समजलं होतं तसं. अशा वेळी तो चेहरा 'अनोळखी'च्या यादीत टाकायचा, म्हणजे त्याच्यासाठी बेल वाजत नाही आणि संदेशही येत नाही, फोटो तेवढे साठत राहतात. घरी येऊन टाकला. फोटो उघडून पाहिले नाहीत. बाबा समोर बसलेले असताना बघायचं काय? एक कळ दाबली आणि मोकळी झाले. यात खरे बाबा बाहेर गेले तरी आता कळणार नाही, हे लक्षात आलं. पण बाबा आता कशाला जातायत कुठे!

बाबा म्हणाले, बरं केलंस.

शनिवार, १५

सकाळी यंत्राने कळवलं की कार्ड भरलंय. जुने फोटो पुसायला म्हणून उघडले.

कालपरवाच्या तारखांचे एक्केचाळीस फोटो. सगळे बाबांचे.

पायरीवर उभे. पायात त्या हरवलेल्या चपला. शर्टाचं एक बटण चुकून वरच्या काजात, नेहमीसारखं. बेलीच्या बटणावर बोट. पुढच्या फोटोत केसांत धूळ. त्यापुढच्यात ओठ फाटलेले. मग पायरीवर बसलेले, कॅमेऱ्याकडे पाठ.

मी स्वतःला समजावत होते की हे बुधवारचे असतील, तारीख चुकली असेल. मग एक फोटो मोठा करून पाहिला. कडेला आमची खिडकी अर्धी येते. पडदा बाजूला केलेला. आत खुर्ची, आणि खुर्चीत बाबा. ते बाहेरच्या बाबांकडे बघत होते. एकाच फोटोत दोघं.

बुधवारी ११:२० ला माझे बाबा बाहेर गेले. ११:२४ ला कोण आत आलं?

आतल्या खोलीतून आत्ता हाक आली. ठके, चहा टाकतेस ना?

चहा टाकला. दुसरं काय करू?

रविवार, १६

रविवार म्हणजे बाबांची नखं कापायचा वार. त्यांनी हात पुढे केला. आठवडाभरात नखं वाढलेलीच नाहीत. बोटं गार. मी कात्री ठेवून दिली. ते हसले.

दुपारी ४:१० ला आवाज आला. बेल वाजली नाही, ती मीच बंद केलीय. पण बटण दाबलं की टिक होतं.

टिक. टिक. टिक.

मी दारामागे जाऊन उभी राहिले. दारावर तळवा टेकला, श्वास रोखला. पलीकडे खोकला ऐकू आला. बाबांचाच, मी तो हजार माणसांत ओळखीन. कडी माझ्या हातापासून वीतभर होती.

उघडली नाही.

लिहून ठेवते, निदान इथे तरी खोटं नको. बुधवारी दादा येतोय. हे आतले त्याच्याशी नीट बोलतील, अर्ज फाटेल. आतल्यांना माझं नाव आठवतं. बाहेरच्यांना आठवत नाही. मी एवढाच विचार केला. मला माझी शिसारी येतेय, तरी मी एवढाच विचार केला.

टिकटिक पावणेपाचला थांबली.

सोमवार, १७

दादाचा कारखान्यात फोन आला. बाबांशी तासभर बोलला म्हणे. अर्ज फाडून टाकला.

परतताना शिंपीकाकांनी थांबवलं. तुमच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, म्हणाले. मी पाणी दिलं. अगदी तुमच्या वडिलांच्या भावासारखे दिसतात. घर सापडत नाही म्हणत होते. दुपारी उठून गेले. ओळखीचे आहेत का?

मी नाही म्हटलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मी पायरीवर पाय न टेकता, उडी मारून घरात आले.

मंगळवार, १८

टिक नाही. फोटो नाहीत. कालच्या दुपारपासून एकही नाही.

आतला खुर्चीतून सारखी हाक मारतोय. ठके. ठके. ठके. ज्या हाकेसाठी वर्षभर जीव टाकला, ती ऐकून आता अंगावर काटा येतो. त्याला हाक उगाच मारायची असते. मी ओ दिली की गप्प, मग पुन्हा —

विचारलं शेवटी. माझे बाबा कुठे आहेत?

तो अगदी मायेने म्हणाला, जो घरात बसलाय तो घरचा, ठके. बाहेर गेला तो गेला. त्याची जागा रिकामी कशाला ठेवायची?

बुधवार, १९

सकाळी ९:३० — रजा टाकली. बाबांना शोधायला निघतेय. ते मिळाल्याशिवाय परत येणार नाही, हे आतल्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, जा की. सावकाश जा. वही आणि फोन खिशात.

१०:४५ — सापडले! इथल्या एका शाळेच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर. आत मुलांची कवायत चालू, हे जाळीला धरून तोंडातल्या तोंडात आकडे मोजतायत. एक चप्पल गेलीय. पाय सोलवटलेले. मी मिठी मारली तर अवघडून उभे राहिले. मला ओळखलं नाही. नका ओळखू बाबा, नका, पण चला.

१०:५० — फोन थरथरला. बेलीचा संदेश.

मी आत.

मी इथे, मैदानाशी उभी आहे. घर अर्ध्या तासावर —

११:३५ — पायरीवर. माझी किल्ली लागत नाही, आतून कडी घातलीय. शिंपीकाकांना हात केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या खिडकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि शटर ओढून घेतलं.

खिडकीकडे मी बघितलेलं नाही. बघणार नाही.

११:४० — बटण दाबलं. टिक. बेल वाजली नाही. म्हणजे माझाही चेहरा यादीत —

पावलं आली. दारामागे थांबली. उघडत नाही. मला माहीत आहे ती कशी उभी असेल, दारावर तळवा टेकून, श्वास रोखून. कडी हातापासून वीतभर. कशाचा विचार करत असेल तेही —

दार बडवलं. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, "असं बडवू नका हो बाई. माझी ठकी आहे आत. कामात असेल पोर. मी रोज येऊन बसतो, उघडेल ती."

बाबा, मीच —

"उघडेल," म्हणतायत. सरकून मला पायरीवर जागा केली त्यांनी.

११:५५ — टॅक्सी. दादा! दादा उतरला. हात केला, हाक मारली. तो बघतोय, पण माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून दाराकडे. हसला. मागे कडी निघाल्याचा आवाज —

दादा, आत जाऊ नको, ती मी