‘ठिपके’चा सत्कार

खामगाव,
१० फेब्रुवारी २०२५

ती. भागवतकाकांना दीपकचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र. साखरखेर्ड्याच्या चौकातला तो फ्लेक्स कृपा करून उतरवा. ‘ठिपके’चा निर्माता म्हणून त्यावर माझा फोटो आहे, आणि मला तोंड लपवावंसं वाटतं.

‘ठिपके’ म्हणजे संगणकावर रांगोळी काढायचं अ‍ॅप्लिकेशन. ते लिहिलं मेहकरच्या प्रसेनजितनं. आम्ही बरेच जण मिळून संगणक चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळतो, फुकट, सगळ्यांना खुली. तिच्यासोबत ‘ठिपके’ आपोआप येत नाही, हवं त्यानं घ्यावं. घेणाऱ्याच्या संगणकावर ते नीट बसावं म्हणून मी त्याचं पॅकेज बांधतो. लोणचं त्याचं, बरणीत भरून झाकण लावणारा मी.

तुम्ही माझा सत्कार ठेवलात, तेव्हा हे स्टेजवर सांगायचं होतं. पण माईक हातात आला, समोर बाबा डोळे पुसताना दिसले, आणि मी नुसते आभार मानून खाली बसलो. प्रसेनजितला मीच बोलावलं होतं. तो न भेटताच गेला. तेव्हापासून माझ्या मेसेजला उत्तर नाही. यापुढं पॅकेज बांधू नकोस म्हणाला, तर त्याचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? फार लाज वाटते, काका.

काकूंना नमस्कार. रागावलात तरी आपला म्हणा, एवढंच मागणं.

तुमचा,
दीपक

साखरखेर्डा,
१४ फेब्रुवारी

चि. दीपकला काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. काकूनं वाचलं आन् मलाच झापलं. अरे, बरणी भरणाराही लागतोच ना? शाळेत बक्षिसाची वाटी मिळाली, तर चुकून दिली असेल म्हणून परत न्यायला निघालेला तू! अजून तसाच.

पण तो पोरगा आला आन् मला दिसला नाही, हे पटत नाही. मी दारातच होतो, येईल त्याला हाताला धरून बसवत होतो. असो. फ्लेक्स आज उतरवतो. रविवारी शाल-श्रीफळ घेऊन मेहकरला जातो. शाल पांघरली की माणूस विरघळतो. उभा जन्म सत्कार करण्यात गेला माझा.

जेवत जा. जीव लावतोस तसा लाव.

तुझा,
भागवतकाका

साखरखेर्डा,
१७ फेब्रुवारी

चि. दीपकला आशीर्वाद.

मेहकरला जाऊन आलो. दार प्रसेनजितनंच उघडलं आन् माझे पाय बाहेरच थांबले. सत्काराच्या दिवशी हा दाराशी उभा होता. मांडववाल्याचा माणूस समजून मी त्याच्यावर खेकसलो होतो, की काऊन उभा राह्यला बे, खुर्च्या उचल. त्यानं उचलल्या. तुझा सत्कार चालू होता तरी उचलत होता.

त्यानं मला घरात बसवलं, चहा पाजला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला की खुर्च्या खरंच कमी पडत होत्या. तुला निरोप दिलाय, नवी आवृत्ती पाठवतो, सवडीनं बांध. पिशवीतली शाल माझ्यानं बाहेर काढवली नाही. नाव न विचारता, नुसत्या कपड्यावरून माणूस ठरवला मी. एवढी शरम कधी वाटली नव्हती.

एक खटकतं. स्टेजवरून दार समोरच दिसतं. तू पाहिलं नसशील ना?

काकावरची माया आटू देऊ नकोस.

भागवतकाका

खामगाव,
२१ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

पाहिलं होतं. तुम्ही खेकसलात तेही, आणि त्यानं खुर्च्या उचलल्या तेही. गळ्यात नुकताच हार पडला होता, म्हणून उठलो नाही.

नवी आवृत्ती आली आहे. अजून उघडलेली नाही.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.

दीपक