व्हॅक्यूमचं बटण

दि. ४ जून

चि. पिटुकलीस, आजीचे अ. उ. आ.

सगळ्यात आधी सुतार आला, चपला दारात उलट्यासुलट्या टाकून, आणि त्याच्या मागून त्याचा मेहुणा, दुकानांच्या पाट्या करणारा. मेहुणा इतका जाडजूड की मागच्या खोलीत आडवा होऊनच शिरला. मी हसू दाबलं. दोघं तुझ्या आजोबांचं कोरीव कामाचं मशीन बघायला आले होते. आजोबा जाऊन चार महिने झाले, पण मशीनवर माझ्या चष्म्याच्या पेटीचं झाकण अजून तसंच आवळलेलं आहे. अर्ध्या भागावर पानं, अर्धा कोरा.

मेहुणा म्हणाला, मशीन झकास आहे, पण भुसा ओढणारा व्हॅक्यूम चालू-बंद करायला आम्ही एक माणूस कुठून उभा करायचा? तो आपोआप होणार असेल तरच नेतो. मी म्हटलं, आमच्याकडे होता की माणूस, मीच ती. अकरा वर्षं ह्यांनी बोट वर केलं की मी बटण दाबायचे, खाली केलं की बंद. त्या आवाजात बोलणं कुठलं ऐकू येतंय. निम्मा संसार आम्ही बोटावर केला.

मी देऊन टाकते म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचा दात उपटताना बघत बसावं, तसं. तू ह्यातली शिकलेली, होईल का तसं ते कळव. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, पत्रच टाक. आणि वेळेवर जेवत जा.

माया आहे ती आहेच, तू आठवण ठेव.

तुझी आजी


दि. ९ जून

ती. आजीस, सा. न. वि. वि.

होईल. आजोबांच्या मशीनचा कंट्रोलर सध्या फक्त कटरची मोटर चालू-बंद करतो. त्याला आणखी दोन आउटपुट जोडू, म्हणजे तो आणखी दोन वस्तूंना हुकूम सोडेल: एक व्हॅक्यूमला, एक भुसा उडवणाऱ्या हवेला. सोबत रिलेची छोटी पट्टी पाठवते आहे. रिले म्हणजे हुकूम मिळाला की टक करून बटण दाबणारा, थोडक्यात तू. जोडणी गल्लीतल्या वायरमनकाकांकडूनच करून घे. नवा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमध्ये आहे. चाचणीला ते झाकणच चालवा, जिथे थांबलंय तिथून पुढे.

मी बरी आहे. ऑफिसात सगळे हसले की हसते. रडू मलाही अजून आलेलं नाही, आजी.

तुझा हात डोक्यावर राहू दे.

पिटुकली


दि. १७ जून

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

वायरमन दोन तास उकिडवा बसून होता, उठताना त्याला मीच हात दिला. पण मशीनला वीज दिली मात्र, कुणी न सांगता व्हॅक्यूम बोंबलायला लागला. कटर फिरला की हा गप्प, कटर थांबला की ह्याचं सुरू. वायरमन म्हणाला, आजी, ह्याला सांगाल त्याच्या उलट करायची खोड आहे. मी म्हटलं, ह्याच घरातला आहे तो. झाकणाला तेवढा हात लावू दिला नाही.

सुतार विचारून गेला. मेहुण्याने टेम्पोवाल्याला सांगूनही ठेवलंय. चूक कुठे झाली बघ, पण डोळे फोडू नकोस.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

आजी


दि. २२ जून

ती. आजीस, सा. न. वि. वि.

चूक माझी. त्या पट्टीवरचे रिले उलटे चालतात, सिग्नल दिला की बंद, काढला की चालू. आधी बघितलं असतं तर कळलं असतं, पण हल्ली माझं लक्ष कशातच नसतं. प्रोग्रॅममधली एक ओळ फिरवली, नवा पेन ड्राइव्ह सोबत आहे. व्हॅक्यूम कधी हाताने चालवायचा झाला, तर मशीनची वीज काढून बारीक पिवळी वायर सोडव. मग तो पूर्वीसारखा तुझ्या बटणावर येईल.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.

पिटुकली


दि. २९ जून

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

चाललं. व्हॅक्यूम वेळेवर लागला, वेळेवर थांबला. मी आपली सवयीने बटणावर बोट ठेवून दीड तास उभी. एकदाही दाबावं लागलं नाही. वायरमन म्हणाला, आजी, तुमची नोकरी गेली. मी हसले.

मग झाकण सोडवून खिडकीशी नेलं. अर्धं ह्यांच्यासमोर कोरलेलं, अर्धं मशीनने एकट्याने. सांधा शोधला, आधी चष्म्याने, मग बोटाने. कुठेच नाही. पानाला पान मिळालेलं. मला इतका राग आला, पिटुके. ह्यांच्यावाचून काही अडलंच नाही म्हणजे? चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. बिचाऱ्या वायरमनला चहाही न विचारता वाटेला लावला.

मग मशीनची वीज काढली, ह्यांचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पिवळी वायर सोडवली. चिकटपट्टी गुंडाळून ह्यांच्या खणात ठेवली आहे. आता तू आलीस की मशीनशी तू उभी राहा. बटणाशी मी आहे. बोट वर करायला तेवढं विसरू नकोस.

चष्मा नव्या पेटीत ठेवते आहे, म्हणून अक्षर इथपासून वाकडं. सांभाळून घे, मलाही.

तुझी आजी

ता. क. सुतार आत्ताच डोकावला, जमलं का विचारत. मी म्हटलं, या आणि बघा, माणूस लागतोच अजून. मेहुण्याला घेऊन येतो म्हणालाय, गुरुवारी.